पियानोवाली अक्का

आपल्या हातांना अक्कानं जितकं जपलं तितकं कोल्हापुरात कुणी पोटच्या पोरालाही जपलं नसेल. अक्का म्हणजे माझी मामेबहीण, माझ्याहून नऊ वर्षांनी थोरली आणि धंद्यानं पियानोवादक. मंगळवार पेठेत मामांचं ट्रॅक्टरच्या सुट्या भागांचं दुकान होतं आणि घरात वाजणारी वस्तू म्हणजे कुकर. शाळेच्या प्रार्थनेच्या हॉलमध्ये मात्र एक जुना पियानो पडून होता आणि तो वाजवू शकणाऱ्या एक म्हाताऱ्या बाई तिथे शिकवत होत्या. त्यांनी सातवीतल्या अक्काला त्याच्यासमोर बसवलं, ती उठली ती थेट जर्मनीत. मध्ये पुणं, मुंबई, शिष्यवृत्ती असं बरंच काही झालं, पण मामा पेठेत एवढंच सांगायचे, "पोरगी भायेर शिकाय गेलीया." काय शिकायला, हे विचारलं की ते गिऱ्हाइकाकडे वळायचे.

जर्मनीत ती पंचवीस वर्षं राहिली, मोठमोठ्या हॉलमध्ये वाजवत फिरली आणि दर दिवाळीला घरी येत राहिली. आली की तिच्या हातांची सरबराई सुरू व्हायची. विळीजवळ ती फिरकायची नाही, दाराची कडी कोपरानं काढायची, बाजारात पिशवी गळ्यात अडकवायची. कुणी हात पुढे केला की ही दोन पावलं मागे सरून वाकून नमस्कार करायची. तिकडेही तेच. तिकडच्या लोकांना वाटायचं, काय ही भारतीय संस्कृती. एका गावात तर अख्खा वाद्यवृंद उभा राहून हिला उलट नमस्कार करत होता. मी हे कौतुकानं विचारलं तेव्हा म्हणाली, "संस्कृती कसली डोंबलाची. ती माणसं हात असा दाबत्यात, जणू हापसा मारत्यात."

कांदालसूण चटणीची बरणी तिच्यासोबत युरोपभर हिंडली. कार्यक्रमाआधी भाकरीचा तुकडा आणि चटणी पोटात गेल्याशिवाय तिची बोटं हलायची नाहीत. एकदा घाईत हात नीट न धुताच ती वाजवायला बसली. तिच्यानंतर त्याच पियानोवर एक तरुण वादक बसला, मध्येच त्यानं घाम पुसायला डोळ्याला बोट लावलं आणि पुढचा सगळा वेळ तो घळाघळा रडत वाजवत राहिला. दुसऱ्या दिवशी पेपरात त्याच्या भावनोत्कटतेवर अर्धा रकाना आला. अक्कानं ते कात्रण जपून ठेवलंय.

बोटांना स्वस्थ बसणं ठाऊकच नव्हतं. माझ्या स्कूटरवर मागे बसली की रंकाळ्यापासून घरापर्यंत माझ्या पाठीवर कुणा दोनशे वर्षांपूर्वीच्या गृहस्थाची रचना वाजायची. उतरल्यावर एकदा तिनं गंभीरपणे सांगितलं की गेल्या वर्षापेक्षा माझी पाठ बरी लागतेय, दाबली की लगेच वर येते.

मामांचं एकच मागणं होतं. एकदा हितं वाजीव, आमच्यासमोर. विमानाला ते घाबरायचे, आणि फोनवर तिचं वाजवणं लावून दिलं की म्हणायचे, फोनात सगळंच टिणटिण वाजतंय. अक्काचीही इच्छा होती, पण तिला सगळं नीट हवं होतं. इथे तसा पियानो नव्हता, तो सुरात लावणारा माणूस नव्हता, हॉलमध्ये पंख्यांची घरघर. पुढच्या दिवाळीला बघू, असं म्हणता म्हणता वीस दिवाळ्या गेल्या.

तीन वर्षांपूर्वी ती कायमची परत आली. कळंब्याला तलावाकाठी तळमजल्याचं घर घेतलं, मामांना तिथे आणलं, मागोमाग बोटीनं आणि ट्रकनं तिचा पियानोही आला. ऐंशीच्या बापासाठी पोरीनं सगळं सोडलं, असं सगळे म्हणाले. मीही तेच समजत होतो. मग एका सकाळी गेलो तर अक्का स्वयंपाकघरात कांदा चिरत होती, तोही अगदी बारीक. मी दारातच थबकलो.

"बघतोस काय, बस," ती मान वर न करता म्हणाली, आणि मग चिरता चिरताच तिनं सगळं सांगितलं. उजव्या हाताची शेवटची दोन बोटं पियानोवर ठेवली की आपोआप आत वळतात. इतर कामात काही नाही, सुईत दोरासुद्धा ओवता येतो. डॉक्टर म्हणाले, बोटं धड आहेत, डोकं त्यांची वाट विसरलंय. एकदा भर कार्यक्रमात ती मध्येच थांबली, उठली, नमस्कार केला आणि आत निघून गेली. लोकांना वाटलं, रचना तिथेच संपते.

"टाळ्या लई जोरात पडल्या," अक्का म्हणाली. "त्येचंच वाईट वाटलं."

हे तिनं मामांना सांगितलं नव्हतं. शेवटी एका संध्याकाळी मामांनीच विषय काढला. पियानो बी हितं, तू बी हितं, मग वाजीव की. मी समोर होतो. अक्का उठून पियानोसमोर जाऊन बसली. मामांनी टोपी सारखी केली आणि लग्नात मुलीकडची माणसं बसतात तसे ताठ बसले. लहान मुलांना पहिल्या वर्षी शिकवतात ती एक संथ चाल तिनं आठ बोटांनी वाजवली. तीनेक मिनिटांत ती संपली.

"एवढंच व्हय?" मामा म्हणाले. "मला वाटलं, लई अवघड असतंय."

"न्हाय आबा. सोपंच असतंय."

मामांनी केवढा तरी श्वास सोडला. "मग बरं. मला वाटायचं, पोरगी एकटी तिकडं लई कष्ट काढतीया."

ते हात-पाय धुवायला गेले तशी अक्का माझ्याजवळ येऊन बसली. तलावावरून वारा येत होता. म्हणाली, हॉल चांगला नाही म्हणून वीस वर्षं थांबवलं त्यांना, तेव्हा शाळेतल्या त्या मोडक्या पियानोवर वाजवलं असतं तरी चाललं असतं.

आता रोज दिवेलागणीला मामा ती चाल मागतात आणि अक्का वाजवते. घरी पाहुणे असले तर मामा त्यांना मोठ्या आवाजात समजावून सांगतात, की घाबरायचं काही कारण नाही, तसं सोपं असतंय ते. पाहुणे माना डोलावतात. अक्काही डोलावते.