न सरावणारी पिल्लं

"मेंदूचा विषय क्लीन आहे, साहेब. दुपारी भरीत खातो आणि संध्याकाळच्या गाडीला बसतो."

आमच्या स्पॉन्सरकडचे महाजन कॉरिडॉरमध्ये फोनवर बोलत होते. स्पॉन्सर म्हणजे जिचं कीटकनाशक आम्ही तपासतो ती कंपनी. मी वॉटर कूलरपाशी उभी होते. त्यांनी मला पाहिलं असेल. पण मी जवळ असले म्हणून लोक बोलायचं थांबत नाहीत.

जळगावजवळच्या एका टेस्टिंग लॅबमध्ये मी काम करते. नव्या रसायनाला परवानगी देण्याआधी सरकारी यंत्रणा विचारू शकते, की पोटातल्या आणि अंगावर पिणाऱ्या बाळाच्या वाढत्या मेंदूला यानं अपाय होतो का. त्याचं उत्तर आम्ही पांढऱ्या उंदरांवर शोधतो. गाभण माद्यांचे ग्रुप करतात. एका ग्रुपला रसायन अजिबात नाही, बाकीच्यांना चढता डोस. मग पिल्लांचं वागणं मोजायचं. ते माझं काम. कुठलं पिल्लू कुठल्या ग्रुपचं, हे मोजताना मला मुद्दाम सांगत नाहीत.

यातली एक टेस्ट दचकण्याची. पिल्लाला छोट्या बॉक्समध्ये ठेवून पुन्हा पुन्हा मोठा आवाज करतात. खालची प्लेट त्याची उडी मोजते. पहिल्या आवाजाला पिल्लू जोरात दचकतं, मग हळूहळू कमी. आवाजानं काही होत नाही, हे त्याच्या मेंदूला कळलेलं असतं.

काही पिल्लांना ते कळत नव्हतं. पहिल्या आवाजाला ती बेताचीच दचकली आणि शेवटच्याही आवाजाला तेवढीच. ग्रुपची नावं उघडली तेव्हा ती पिल्लं वरच्या दोन डोसची निघाली. ड्राफ्ट रिपोर्टमध्ये मात्र प्रत्येक ग्रुपची फक्त सरासरी होती. सगळ्या सरासऱ्या जवळपास सारख्या.

स्टडी डायरेक्टर चौधरी सरांना मी मीटिंगच्या आधी प्रत्येक आवाजाच्या उडीचा वेगळा आलेख काढून दाखवला.

"स्पीकर खराब असेल," ते म्हणाले.

"तपासला, सर. आणि सगळे ग्रुप त्याच बॉक्समध्ये आलटून पालटून होते."

त्यांनी चष्मा वर केला. "मी घरी रोज ओरडतो. पोरं आधी दचकायची, आता ढुंकून बघत नाहीत. म्हणजे तुझ्या हिशोबानं माझी पोरं नॉर्मल."

"हो, सर."

"चला, बायकोला सांगतो." ते हसले, मग गंभीर झाले. "अगं, सरासरी जुळतेय. त्यांचा माणूस मुंबईहून आलाय. आज उगाच काडी नको टाकू."

हे कीटकनाशक केळीसाठी होतं. सावद्याला माझ्या मामांची बाग आहे. एका ओळीत फवारणी चालू असते आणि शेजारच्या ओळीत बायका घडांना पिशव्या चढवत असतात. त्यांच्यात कुणी गरोदर आहे का, हे फवारणाऱ्याला कोण सांगणार? किती प्रमाण बिनधोक मानायचं, हे आमच्या रिपोर्टवरून ठरणार होतं. ड्राफ्टप्रमाणे सर्वांत मोठा डोससुद्धा बिनधोक होता.

मीटिंगमध्ये सरांनी इंग्रजीत बोलत स्लाइड्स भराभर पुढे नेल्या. मेंदूचं वजन, ठीक. हालचाल, ठीक. दचकणं, ठीक. महाजन मान डोलवत होते. शेवटी त्यांनी फाइल मिटली आणि माझ्याकडे वळले.

"मॅडम एकदम गप्प. म्हणजे सगळं ओके समजायचं ना?"

सर लॅपटॉपकडे बघत राहिले. इंग्रजी शाळेत मी कधी हात वर केला नव्हता, आणि नोकरीत त्याची गरज पडेल असं वाटलं नव्हतं.

नंतरचं आधीच सांगून टाकते. रिपोर्टमध्ये आवाजागणिक आलेख गेला. बिनधोक डोस सर्वांत कमी डोसच्या ग्रुपवर आला. कंपनीला फवारणीचं प्रमाण नव्यानं ठरवावं लागलं. महाजनांची त्या दिवशीची गाडी चुकली, भरीतही राहिलं. सर माझ्याशी काही दिवस कामापुरतंच बोलले. आता मात्र ते प्रत्येक स्टडीत आलेख आधी मागतात. सुरुवातीचं कमी दचकणं आणि शेवटचं जास्त दचकणं एकत्र केलं, की काहीच झालं नाही असं उत्तर येऊ शकतं. एवढंच मी यातून शिकले.

महाजनांना मी उत्तर दिलं ते मराठीत. आवाज थोडा चिरकला.

"नाही, सर. सरासरी सारखी आहे, पण ही पिल्लं आवाजाला सरावत नाहीत. डोस त्यांच्या आयांना दिला होता. दचकण्याची स्लाइड पुन्हा लावा, मी दाखवते."