तिने बघितलं म्हणून

धुळ्याला मुलगी बघायला निघालो तेव्हा माझा आत्मविश्वास पार तळाला गेला होता. त्याआधीच्या सगळ्या मुलींनी माझ्याऐवजी पोह्यांकडे बघून निर्णय घेतले होते आणि ते सगळे नकाराचे होते. जळगावात पाइपच्या कारखान्यात कायम नोकरी, मेहरूणला स्वतःचं घर, एवढ्यावर मुलींचे वडील खूश व्हायचे. पण लग्न त्यांच्याशी करायचं नव्हतं.

ही मुलगी मात्र ट्रे ठेवून समोर बसली आणि सरळ माझ्याकडे बघू लागली. मुलीने जमिनीकडे बघायचं, मुलाने भिंतीकडे आणि बाकीच्यांनी दोघांकडे, अशी आमच्याकडे रीत. हिने ती मोडलीच. माझे वडील तिला शिक्षण विचारत होते, उत्तर ती त्यांना देत होती आणि बघत होती माझ्याकडे. मी पोट आत ओढलं. घास लहान केले. एकदा धीर करून मीही बघितलं, तर तिने भुवया किंचित उंचावून मान हलकेच हलवली. मी लाजलो. हो, मी! आमच्या रंगामुळे कुणाला दिसलं नाही, एवढंच.

दोघांना एकट्यात बोलू द्यायचा विषय निघाला, तो तिच्या काकांनी सगळं ठरलंच आहे म्हणत उडवून लावला. ‘आते काय बोलनं? बठ्ठं ठरेलच शे!’

परतताना पारोळ्याला चहाला थांबलो. सोबत आलेली आत्या म्हणाली, ‘पोर तुनाकडेच देखी ऱ्हायनी व्हती, बरं का!’ मी ‘काहीतरीच’ म्हणालो आणि गाडीच्या आरशात भांग नीट केला. घरी पोचायच्या आत आमचा होकार धुळ्याला पोचला होता.

दुसऱ्या दिवशी जेवणाच्या सुट्टीत फोन वाजला. बायोडेटावरून नंबर घेऊन तिनेच केला होता. मी घास गिळला आणि आवाज जाड केला.

‘तुम्ही हो कसं काय म्हणालात?’ ती म्हणाली. ‘मी सारखी तुमच्याकडे बघत होते. मानेनं नाही म्हणून सांगितलं. वाटलं, माणूस समजदार दिसतो, ओळखेल. मला दुसऱ्याशी लग्न करायचंय. घरात माझं कुणी ऐकत नाही. नकार तुमच्याकडून आला तरच मी सुटेन. प्लीज, नाही म्हणा ना.’

मला ती आवडली होती. मनापासून आवडली होती. एका दिवसात मी घरातल्या पडद्यांचा रंगसुद्धा बदलायचं ठरवलं होतं. मी ‘बरं’ म्हणालो. मग ‘काळजी करू नका’ असंही म्हणालो. फोन ठेवून उरलेली कळण्याची भाकरी खाल्ली, कारण सुट्टी संपत आली होती.

संध्याकाळी घरी सांगितलं, मुलगी चांगली आहे, पण माझं मन नाही. वडील भडकले. ‘राजकन्या येणार आहे का तुझ्यासाठी? स्वतःचं तोंड बघितलंस?’ आत्याने तर कपाळावर हात मारला. ‘पोर एवढा जीव लाईसन देखी ऱ्हायनी व्हती! तुले डोया शेतस का नहीत?’

तिच्या फोनबद्दल एक शब्द काढला असता तर तो रात्रीपर्यंत धुळ्यात पोचला असता.

‘खरंच नाही आवडली?’ आईने विचारलं.

‘नाही,’ मी म्हणालो.

आई बराच वेळ माझ्याकडे बघत राहिली. मग तिने धुळ्याचा नंबर लावला आणि फोन वडिलांच्या हातात दिला.