बदल्यात दिलेला कार्बोरेटर

मी मुलुंडच्या एका कॉलेजात ग्रंथपाल होते. भुताखेतांचे ‘खरे अनुभव’ ग्रंथालयात आले की मी ते सरळ कथांच्या कपाटात लावायचे. त्यामुळे हे लिहिताना मलाच संकोच वाटतो आहे... तरी लिहिते.

माझा नवरा विजय उन्हाळ्यात गेला. फुप्फुसं निकामी झाली होती. मागे उरली त्याची जुनी, गोल दिव्यांची गाडी, नाहूरच्या आमच्या इमारतीखाली. इमारत पाडायची होती. सोसायटीने बजावलं होतं – रविवारपर्यंत स्वतः चालत निघेल ती गाडी न्या, बाकीच्या भंगारात.

ही गाडी हट्टी होती. सुरू झाली नाही की विजय बॉनेट उघडून कार्बोरेटरच्या तोंडावर तळहात दाबून धरायचा, म्हणजे हवा अडून पेट्रोल ओढलं जातं. मी आत बसून किल्ली फिरवायचे. ‘ओढतोय, ओढतोय!’ तो ओरडायचा. इंजिनने धरलं की हात काढून मला तळव्यावरचं लाल वर्तुळ दाखवायचा.

वाकोल्याच्या पीटर मेकॅनिकने गाडी पाहिली. “बाई, कार्बोरेटरची बॉडी वाकली. बाजूने हवा घेतोय. हा गेला.”

दोन पर्याय होते. बाजारातला नवा, नकली. नाहीतर याच जातीचा जुना, दुरुस्त केलेला. मी दुसरा निवडला, दिसायला तसाच होता म्हणून. फक्त तो विकणारा दुकानदार बदल्यात आपला जुना घेतल्याशिवाय देत नाही. सुटे भाग काढायला लागतात त्याला.

रविवारी सकाळी पीटर काम करत होता. माझे दीर, संजयभावजी, बाजूला चहा पीत उभे होते. भंगारवाल्याला त्यांनीच बोलावलं होतं.

“वहिनी, ऑक्सिजन लावून माणूस नाही वाचला, गाडी कसली वाचवताय?”

पीटरने बसवलेला कार्बोरेटर पहिल्याच किल्लीला चालला. इंजिन इतकं मऊ चाललं की भावजींचा चहा हातातच राहिला. पीटर वर्तमानपत्रावरचा जुना पिशवीत टाकू लागला. मी म्हटलं, “थांब जरा.” आणि विजयसारखा त्याच्या तोंडावर तळहात ठेवला. निरोप म्हणून... दुसरं काही मनात नव्हतं.

त्या कार्बोरेटरने माझा तळहात आत ओढून घेतला.

सुटा, वर्तमानपत्रावर ठेवलेला धातू. दोन तोकडे हिसके, मग लांब खंड. पुन्हा दोन. हॉस्पिटलात शेवटच्या दुपारी माझा हात विजयच्या छातीवर होता. तिथे हेच चाललं होतं. श्वास थांबला की प्रत्येक वेळी मी नर्सकडे बघायचे.

“पीटर, हा मला ठेवायचाय.”

“मग बसवलेला खोलावा लागेल, बाई.”

भावजींनी कप ठेवून स्वतःचा हात लावला. “काय आहे यात? थंडगार आहे. वहिनी, गाडी पाहिजे की हे? गेटवर माणूस उभाय माझा, ठरवा एकदाचं.”

गाडीत विजयची सीट होती, त्याच्या पाठीचा खळगा होता. मी गाडी म्हटलं. पीटर पिशवी घेऊन गेला. माझ्या तळव्यावर लाल वर्तुळ उमटलं होतं. ते भावजींनीही पाहिलं.

दुसऱ्या दिवशी गाडीची चौकशी करायला पीटरचा फोन आला.

“बाई, तुमच्या त्या जुन्याने कमाल केली हां. दुकानदाराला देण्याआधी धुवायला रॉकेलच्या टबात टाकला ना, थोडे बुडबुडे येतातच... पण ह्याचे थांबेचनात! दोन आले की बंद. पुन्हा दोन. आम्ही सगळे हसतोय. शेवटी मी पान्याने खाली दाबून धरला.”

“मग?”

“मग काय, थांबले. गाडी कशी चालते?”

“छान चालते,” मी म्हटलं.

धातूत कोंडलेली हवा, माझा थकवा, योगायोग – सगळं पडताळून पाहिलं. एकही पुरत नाही. गाडी अजून पहिल्या किल्लीला सुरू होते. मी किल्ली फिरवते, आणि बॉनेटकडे बघत नाही.