नळीवरची प्रार्थना

माझी धाकटी बहीण सुमन लग्न होऊन जबलपूरला गेली, तिथंच तिचे केस पिकले, पण तिनं मला कधी 'ये' असं म्हटलं नाही. "दादा, तू तुझं बघ, आमचं देव बघतो," एवढंच तिचं पालुपद. पावसाळ्यात दाजींना, म्हणजे तिच्या नवऱ्याला, अर्धांगाचा झटका आला तेव्हासुद्धा नाही. मीही त्या वेळी गुडघ्याचं ऑपरेशन करून घरात पडलो होतो. फोनवर विचारायचो, "दाजी कसे आहेत?" ती म्हणायची, "बरे आहेत. आता जेवून राहिले." तिकडच्या मराठीत 'जेवत आहेत' याला 'जेवून राहिले' म्हणतात. मी निश्चिंत होऊन फोन ठेवायचो. माणूस जेवतोय म्हणजे सावरला, असा आपला हिशेब.

या जानेवारीत मात्र तिचा फोन आला. "शनिवारी दवाखान्यात तपासणी आहे. तू ये." कसली तपासणी विचारलं तर म्हणाली, "ये तर आधी." मग काय, श्रीरामपूरहून मनमाड गाठलं आणि मनमाडला जबलपूरची गाडी पकडली. बायकोनं दिलेल्या शेंगदाण्याच्या चटणीचा डबा भुसावळलाच उघडला.

सकाळी जाग आली तेव्हा नरसिंहपूर मागं पडलं होतं. खिडकीबाहेर धुकं आणि त्याखाली मैलोगणती वाटाणा. हा मुलूख वाटाण्याचा, हे मी ऐकून होतो. पण इतका हिरवा रंग एकदम बघितला की आपल्याकडच्या उन्हाळी बोडक्या माळाचा हेवा करणारा कुणी भेटणार नाही, हे पटतं. समोरच्या बाकावरचे गृहस्थ शेंगा सोलून खात होते. त्यांनी न विचारता माझ्या ओंजळीत मूठभर ओतल्या. "खाइए, अभी तो यही मिठाई है." खरंच गोड होत्या.

जबलपूर स्टेशनाबाहेर थंडीनं दात वाजायला लागले. रिक्षावाल्यानं कानाला मफलर बांधला होता, त्यामुळं त्याला प्रत्येक गोष्ट दोनदा सांगावी लागत होती. ओमतीच्या बाजारापाशी दुकानं उघडत होती. आजाऱ्याच्या घरी रिकाम्या हातानं कसं जायचं, म्हणून मी रिक्षा थांबवली. इथली खोव्याची जिलेबी (काळपट, जाडसर, आतून मऊ) दाजींचा जीव की प्राण. आमच्याकडं येताना ते हटकून आणायचे आणि निम्मी स्वतःच संपवायचे. मी चांगली किलोभर घेतली. गरम पुडकं मांडीवर धरून मी खुशीत बसलो.

दार रिबेकानं उघडलं. ही माझी भाची, शाळेत शिकवते. मराठी सगळं समजतं, बोलताना मात्र अर्ध्यात हिंदीचा रूळ पकडते. "मामा! आलेत तुम्ही! चलो, आत या." मी पुडकं उंच धरून थेट दाजींच्या खोलीत शिरलो. "दाजी, बघा काय आणलंय!"

दाजी उशांना टेकून बसले होते. एका नाकपुडीतून पातळ नळी बाहेर आली होती आणि गालावर चिकटपट्टीनं डकवली होती. त्यांनी पुडक्याकडं बघितलं. मग माझ्याकडं बघितलं आणि तोंडाच्या चांगल्या बाजूनं हसले. मागून रिबेका हळूच म्हणाली, "मामा, पप्पा तोंडानं काहीच नाही खात. पाणीसुद्धा नाही. आईनं सांगितलं नाही तुम्हाला?"

मला धरणीनं पोटात घेतलं असतं तर बरं झालं असतं. स्वयंपाकघरात जाऊन मी सुमनवर खेकसलो, "जेवतात म्हणून सांगत होतीस ना? एवढे महिने?"

"जेवतात ना," ती म्हणाली. तिनं मला तूरडाळ दाखवली. शिजवून, घोटून, मलमलीच्या फडक्यातून गाळून पातळ केलेली. "नळीतून गेलं म्हणून काय ते जेवण नाही?"

दुपारी ते जेवण मी पाहिलं. दाजींना सरळ बसवलं. नळीच्या टोकाला मोठी सिरिंज लावून रिबेकानं ती वर धरली. सुमननं डाळीचा ग्लास हातात घेतला, डोळे मिटले आणि जेवणापूर्वीची प्रार्थना सुरू केली. आमच्या आईबापांच्या घरी म्हणायचो तशीच, घाई न करता. अन्नाबद्दल आभार, पिकवणाऱ्याला आशीर्वाद, आणि ज्यांना आज जेवण नाही त्यांची आठवण. दाजींनीही डोळे मिटले होते. मी उघड्या डोळ्यांनी बघत उभा होतो. खरं सांगतो, मला राग आला. चर्चमध्ये मी जातो, दर रविवारी पुढच्या बाकावर बसतो, पण ज्या माणसाच्या जिभेला महिनोन्‌महिने मीठ लागलं नाही त्यानं कशाचे आभार मानायचे? आमेन झाल्यावर ग्लास वाकडा झाला आणि पिवळं पाणी नळीतून हळूहळू खाली उतरलं. सुमननं ओल्या फडक्यानं त्यांचे ओठ पुसले, जसं काही त्यांना घासातलं खरकटंच लागलं होतं. मग आमची ताटंही तिनं त्याच खोलीत आणली. "आपण आत बसून खाल्लं तर यांना वाटेल, घरात यांची पंगत संपली," ती म्हणाली.

शनिवारच्या तपासणीवर सगळं अवलंबून होतं. एक्स-रेच्या पडद्यावर गिळणं बघणार होते. घास सरळ अन्ननलिकेत गेला तर नळी निघेल आणि दाजी थोडं थोडं तोंडानं खाऊ लागतील. श्वासाच्या वाटेला गेला तर नाकातली नळी काढून पोटाला छेद करून तिथून बसवायची, कारण नाकातली आता फार दिवस झाली. घास सरळ जावा म्हणून दवाखान्यातली सोनल दीदी नावाची एक मुलगी गिळण्याचा व्यायाम शिकवून गेली होती. हनुवटी छातीला लावायची, जीभ टाळूला दाबायची, कोरडं गिळायचं. सुमन ते दाजींकडून करून घ्यायची; भाजी चिरता चिरता, कपडे वाळत घालून येता येता. "चला, अजून एकदा. बरोबर. अजून एकदा." आणि दाजी, तोफांच्या कारखान्यात सगळं आयुष्य घालवलेला माणूस, शाळेतल्या पोरासारखी हनुवटी खाली घालायचे.

शुक्रवारी चर्चच्या मंडळीतल्या लोकांनी दाजींसाठी उपास धरला होता. संध्याकाळी दहाबारा जण घरी आले, गाणी झाली, प्रार्थना झाली. जाताना एक बाई सुमनचे हात धरून म्हणाल्या, "बस विश्वास रखिए. विश्वास पूरा है तो काम भी पूरा होगा." त्या मनापासूनच बोलल्या. पण मला ते पायात काटा मोडल्यासारखं सलत राहिलं. उद्या काम नाही झालं तर ते कुणाच्या माथी मारायचं, हे त्यांनी आजच सांगून टाकलं होतं.

त्याच्या आदल्या दिवशी दुपारी रिबेका मला तिलवाऱ्याच्या घाटावर घेऊन गेली होती. "मामा, तुम्ही घरात बसून बसून चिडून राहिले, चलो." नागपूर रस्त्यावरच्या पुलाखालून नर्मदा जाते. पाणी संथ, हिरवट, काठाला दगडी पायऱ्या. लोक दिवे सोडत होते, कुणी अंघोळ करत होतं. आम्ही मंगोडे (मुगाच्या डाळीची भजी) घेऊन पायरीवर बसलो. हिरवी मिरची अशी लागली की माझ्या डोळ्यांतून पाणी आलं आणि पोरगी पोट धरून हसली. मग हसता हसता तिनं हातातला मंगोडा परत कागदात ठेवला.

"घरी नाही खात मी असं काही," ती म्हणाली. "वास जातो न पप्पांना."

मी विचारलं, "तू प्रार्थना करतेस, बेटा?"

"करून राहिली न, मामा."

"आणि नाही झालं तर?"

"तर काहून (का) सोडायची? तेव्हाही करूनच राहणार." एवढं बोलून ती कागदातला शेवटचा मंगोडा खायला लागली.

इतके दिवस मी त्या 'करून राहिली'ला हसत आलो होतो. नागपुरी वळण, म्हणून नक्कल करायचो. त्या पायरीवर मला ते शब्द वेगळे ऐकू आले. आम्ही प्रार्थना करतो आणि उठून जातो. ही माणसं करून राहतात.

शनिवारी दवाखान्यात दाजींना खुर्चीवर बसवून यंत्रापुढं नेलं. आम्हाला काचेपलीकडून पडदा दिसत होता. सोनल दीदीनं चमच्यानं पांढरं दाट काहीतरी त्यांच्या तोंडात दिलं. दाजींनी हनुवटी खाली घातली, अगदी शिकवल्याप्रमाणे. सुमनचे ओठ हलत होते. पडद्यावर पांढरा गोळा जिभेवरून मागं सरकला, क्षणभर थांबला, आणि त्यातली एक बारीक रेघ पुढच्या बाजूला, श्वासाच्या वाटेला उतरली. दाजींना धड खोकलाही आला नाही. पुन्हा दिलं. पुन्हा तीच रेघ.

डॉक्टर चांगला होता. समोर बसून समजावून सांगितलं. "खाँसी तक नहीं आती, इसलिए खतरा ज़्यादा है. पेट में नली डाल देते हैं. कुछ महीने बाद फिर देखेंगे." सुमन म्हणाली, "जी." दाजी सगळं ऐकत होते. बोलता येत नसलं तरी त्यांना एकूण एक शब्द समजतो, हे त्यांच्या डोळ्यांकडं बघून कुणालाही कळलं असतं.

घरी आलो. रिबेकानं वडिलांना खाटेवर टेकवलं. सुमन स्वयंपाकघरात गेली आणि डाळ गाळता गाळता थांबली. फडकं पातेल्यावर तसंच लोंबत राहिलं.

"दादा, माझा विश्वास कमी पडला का रे?"

मला त्या बाईंचा इतका संताप आला की काय सांगू. पण समोर माझी बहीण उभी होती, आणि तिला माझ्या संतापाचा काही उपयोग नव्हता. मी म्हणालो, "सुमे, ज्या बाईचा विश्वास कमी असतो ती नळीवर प्रार्थना म्हणत नाही."

"मग दिलं का नाही त्यानं? एक घास मागितला होता. फार होतं का?"

ती ओट्याला टेकून रडली, तोंडात पदर कोंबून, पलीकडं आवाज जाऊ नये म्हणून. मी तिच्या पाठीवर हात ठेवून उभा राहिलो. आई गेली तेव्हाही आम्ही असेच उभे होतो.

मग जेवायची वेळ झालीच. ती तर रोज होते. रिबेकानं सिरिंज लावली, ग्लास उचलला आणि कुणी काही म्हणत नाही असं बघून ओतायला लागली. तोच दाजींनी चांगला हात वर केला आणि ग्लास बाजूला सारला. डाळ चादरीवर सांडली. "पप्पा, गुस्सा मत करो ना," ती काकुळतीनं म्हणाली. तिला वाटलं, चिडले. मलाही तेच वाटलं; आणि चिडले असते तर मी त्यांच्याच बाजूनं उभा राहिलो असतो.

पण दाजींनी हात मांडीवर ठेवला, डोळे मिटले आणि मान खाली घातली. ते थांबले होते. प्रार्थना व्हायची होती ना अजून.

सुमननं तोंड उघडलं, "हे आमच्या बापा," एवढंच म्हणाली, आणि पुढं तिचा आवाज फुटेना. तिनं माझ्याकडं बघितलं. "दादा, आज तू म्हण. माझ्याच्यानं होत नाही."

मी डोळे मिटले. "बापा, हे अन्न तू दिलंस, आभारी आहोत. हे आमच्या दाजींना सुखरूप पोहोचू दे. आज जे मागितलं ते मिळालं नाही. का, ते आम्हाला कळत नाही, आणि आम्हाला फार दुखलंय. तरी आम्ही इथंच आहोत. तूही राहा. येशूच्या नावानं मागतो." माझा स्वतःचाच आवाज मला ओळखू येईना. आमेन मी म्हणालो, सुमन म्हणाली, रिबेका म्हणाली. दाजींचे ओठ हलले. मग त्यांनी डोळे उघडले आणि रिबेकाला मानेनं खूण केली, आता ओत.

पोटातली नळी बसवून झाली, दाजी घरी आले, तोवर मी राहिलो. नाक मोकळं झाल्यावर सुमननं त्यांची दाढी करून दिली. चेहरा एकदम पूर्वीचा दिसायला लागला. पुढच्या रविवारी चाकाच्या खुर्चीतून ते चर्चला गेले. 'विश्वास रखिए' म्हणणाऱ्या बाई पुढं आल्या आणि दाजींची खुर्ची ढकलत आत घेऊन गेल्या. त्यांच्यावरचा माझा राग तिथंच ओसरला. दुसऱ्या दिवशी मी परतीच्या गाडीत बसलो. सुमन स्टेशनवर आली होती. "ये" म्हणाली, पुन्हा एकदा.

घरी येऊन आता बरेच दिवस झाले. बायको गरम भाकरी वाढते, आम्ही प्रार्थना म्हणतो, मी पहिला घास तोंडात घालतो आणि तो आपोआप खाली उतरतो. साठ वर्षं ओलांडली, आजवर मी गिळण्याबद्दल कधी देवाचे आभार मानले नव्हते. न मागता मिळालं होतं, म्हणून लक्षातच आलं नाही. आता मानतो. आणि तेवढ्यावर थांबत नाही. भाकरी गार होते, बायको कुरकुरते, पण मी डोळे उघडत नाही. दाजींसाठी एक घास मागायचा राहिलेला असतो. मिळेल की नाही, ठाऊक नाही. मी मागतो.