गच्चीवरचे दगड

ते प्रकरण अजून मनातून जात नाही, कारण आरोपी कोण हे मला शेवटपर्यंत ठरवता आलं नाही.

घाटकोपरच्या एका ठाण्यात मी वरिष्ठ निरीक्षक होतो. गणेशोत्सवाच्या बंदोबस्ताची आखणी सुरू असताना खबर आली. एका जुन्या सोसायटीत गळती बघायला गेलेल्या कारागिराला गच्चीवर ताडपत्रीखाली दगड दिसले होते. कठड्यालगत, हाताशी येतील असे रचलेले. समोर दुसऱ्या समाजाची वस्ती. पंचनामा केला आणि गच्चीची किल्ली सांभाळणाऱ्या सेक्रेटरींना ठाण्यात आणलं.

"दगड कोणी ठेवले?"

"मी."

मागोमाग त्यांच्या शेजारच्या काकू आल्या. "तो एकटा काय ठेवतोय? मीपण ठेवलेत." मग आणखी चारजण. नाकारणारे खूप पाहिले होते. कबुलीसाठी रांग पहिल्यांदाच पाहिली. पण "मारायचे कोणाला?" म्हटलं की सगळे एकमेकांकडे बघायचे.

त्यात एक पेच होता. सेक्रेटरींच्या मुलीची पोलीस शिपाई म्हणून निवड झाली होती आणि तिची चारित्र्य पडताळणी माझ्याच टेबलावर होती. गुन्ह्यात नाव आलं तर तिची नेमणूक अडकणार. महिला हवालदाराला सोबत घेऊन मी तिला विचारलं, "तूही दगड नेलेस?"

"हो सर, दरवर्षी. गणपतीआधी घर झाडायचं, डबे घासायचे, गच्चीवर दगड न्यायचे. सगळीकडे असंच असतं ना?"

"समोर कोणी ओळखीचं आहे?"

"मैत्रीण आहे. भरतीसाठी आम्ही एकत्र धावायचो."

"मग दगड कोणासाठी?"

ती गोंधळली. "असा कधी विचारच नाही केला, सर."

या भागात दंगल झाली तेव्हा ती जन्मलीही नव्हती.

बाहेर काकू थांबल्याच होत्या. "तेव्हा फोन लावून लावून बोटं दुखली, साहेब. तुमचं कोणी आलं नाही. आता येणार का, तेवढं सांगा. दगड आम्हीच खाली आणतो."

"येणार," मी म्हणालो.

त्यांनी दगड उतरवले. मी ठाणे डायरीत नोंद घेतली, सर्वांना लेखी समज दिली आणि मुलीच्या पडताळणीवर 'आक्षेपार्ह काही नाही' असं लिहून सही केली. ते बरोबर होतं का, हे आजही ठामपणे सांगता येत नाही. एवढं मात्र शिकलो, की कोणाला घाबरायचं ते विसरलं तरी घाबरायची सवय पुढच्या पिढीकडे जाते.

विसर्जनाच्या दिवशी मी स्वतः त्या गल्लीच्या तोंडाशी उभा राहिलो. दुपारी वरून काकूंनी हाक मारली.

"साहेब, जेवायला गेलात तर सांगून जा हां!"