पोत्याखालचा चेहरा

ती दुपार आठवली की आजही माझा आवाज चढतो. तिरोड्याकडच्या एका गावातून, एसटीडी बूथवरून आमच्या पोलीस ठाण्यात फोन आला. एक बाई दबक्या आवाजात म्हणाली, "दाईले उचलून नेलं जी. मारून टाकतीन," आणि फोन बंद झाला.

ही दाई म्हणजे एकटी राहणारी म्हातारी. अर्ध्या गावाची बाळंतपणं तिच्याच हातची. नुकतंच गावातलं एक पोर तापानं गेलं होतं आणि तिनंच जादूटोणा केला, अशी कुजबुज सुरू झाली होती.

आम्ही पोचलो, तर गावाचं एकच पाठांतर. "आमगावले लेकीकडं गेली." मी तिच्या झोपडीत डोकावलो. नाळ कापायच्या ब्लेड-दोऱ्याची थैली खुंटीलाच होती आणि शेजारची सून दिवस भरलेली. अशा वेळी दाई गाव सोडत नाही. अख्खं गाव खोटं बोलत होतं आणि म्हातारी जिवंत असेलच, तर आमच्या हातात वेळ फार थोडा होता.

मेलेल्या पोराच्या बापाला मी ग्रामपंचायतीच्या खोलीत चौकशीला घेतलं. तो जमिनीकडे बघत राहिला. "मले मालूम नाही." दरडावून उपयोग नव्हता. पोर गमावलेल्याला आमचं कसलं भय? शेवटी मी विचारलं, "तुझ्या पोराला सगळ्यात आधी हातात कोणी घेतलं?"

तो आपल्या तळहातांकडे बघू लागला. मग म्हणाला, "तिनंच." आणि पाठोपाठ, "शेतावरच्या गोठ्यात हाय."

त्याला सोबत घेऊन आम्ही धावलो. ती खांबाला बांधलेली, डोक्यावरून धानाचं पोतं ओढलेलं. हवालदारानं पोतं काढलं. चेहरा सुजलेला, पण श्वास चालू होता. मला इतका संताप आला की त्या बापावर हात उगारावासा वाटला.

"पोतं काऊन टाकलं रे?" हवालदारानं त्याला विचारलं.

"तोंड दिसलं असतं त हात उचलला नसता, साहेब."

म्हातारी घोटभर पाणी प्याली आणि त्याच्याकडे वळली. "आता पाह्य. पाह्य माह्या तोंडाकडं." त्यानं मान वर केली नाही.

पुढे खटला झाला, शिक्षाही झाली. पण पोतं माझ्या डोक्यातून गेलं नाही. ओळख परेडीसाठी आम्हीही आरोपीचं तोंड बुरख्यानं झाकतो, ते लागतंच. मात्र चौकशीच्या खोलीत त्याचा बुरखा काढल्याशिवाय कोणीही आरोपीसमोर उभं राहायचं नाही, असा हुकूम मी निवृत्त होईपर्यंत पाळायला लावला. शिपाई आपसात म्हणायचे, साहेबाले आरोपीची दया येते. दया नव्हती ती. मला माझ्याच हाताची भीती वाटत होती.