‘पण’ नसलेलं वाक्य

मंडईत गवार निवडत असताना कल्पनाचा फोन आला. एरवी ती आधी “ताई, बिझी आहात का?” असं विचारते. या वेळी नुसतंच म्हणाली, “मॅडम गेल्या हो ताई. मी बाजूलेच बसून होती. पाणी मागितलं, मी पेला घेऊन वळली, तोवर...” मी हातातली गवार ढिगावर परत ठेवली. भाजीवाली म्हणाली, “एवढी निवडलीत, आता घ्या की.” घेतली. पिशवी तशीच हातात धरून रिक्षा केली आणि हॉस्पिटलात गेले. मृदुलाच्या अंगावरची चादर कल्पनाने नीट केली होती, केसही विंचरले होते. मी पिशवी कुठे ठेवावी हे न कळून तशीच उभी राहिले.

त्याला आता दीड-दोन महिने झाले. वर्तमानपत्रात दोन ओळी आल्या, ‘जपानी साहित्याच्या अनुवादिका’ म्हणून. त्यानंतर ओळखीच्या एका बाईंनी मला रस्त्यात थांबवून विचारलं, “म्हणजे त्या खिडकीच्या पुस्तकवाल्याच ना?” त्याच. म्हणून हे लिहायला बसले.

मृदुला आणि मी जपानी भाषेच्या वर्गात भेटलो. तेव्हा पुण्यात जपानी शिकणाऱ्यांना कविता-कादंबऱ्यांचं वेड नसायचं, डोळ्यांसमोर नोकरी असायची. ती मिळालीही. चाकणच्या बाजूला एका जपानी कंपनीच्या कारखान्यात आम्ही दोघी दुभाषी म्हणून लागलो. मी जरा गुळमुळीत काम करायची. जपानी साहेब चिडला, तर मी मराठीत तो ‘थोडा नाराज आहे’ असं करायची, म्हणजे दोन्ही बाजू खूश. मृदुलाला ते जमायचं नाही. एकदा मशीनच्या तपासणीवरून एक जपानी इंजिनियर आमच्या सुपरवायझरला काही बोलला. आमच्या मॅनेजरने डोळ्यांनी खुणावलं, सांभाळून घ्या. मृदुला सुपरवायझरकडे वळून शांतपणे म्हणाली, “ते म्हणतात, तुम्ही खोटं बोलताय. मशीन तपासलेलं नाही.” मशीन खरंच तपासलेलं नव्हतं. नंतर डबा खाताना मी तिला म्हटलं, जरा गोड शब्दांत सांगायचं. ती म्हणाली, “गोड शब्दांत सांगितलं असतं तर तपासलं नसतं, आणि त्या मशीनमध्ये रोज कुणीतरी हात घालतं.” तिने लग्न केलं नाही. कुणी कारण विचारलं तर “राहून गेलं” एवढंच सांगायची, आणि पुढचा प्रश्न विचारायची सोय ठेवायची नाही.

तिच्या आईंना अर्धांगवायूचा झटका आला, तेव्हा तिने नोकरी सोडली. कोथरूडच्या फ्लॅटमध्ये दोघीच. थोरला भाऊ सुहास बंगळुरूला. तो पैसे पाठवायचा, फोनही करायचा, वाईट माणूस नव्हे. पण कूस बदलणं, भरवणं, पुसणं हे फोनवरून होत नाही. काकूंचं, म्हणजे तिच्या आईंचं, डोकं शाबूत होतं, जिभेला मात्र जडपणा आलेला. जन्मभर शाळेत मराठी शिकवलेली बाई. त्या काळात मृदुलाच्या हाती एक जपानी कादंबरी लागली. मायदेशी परतणाऱ्या एका सहकाऱ्याच्या बायकोने पुस्तकांचा गठ्ठा तिला देऊन टाकला होता, त्यात ही होती. एका तरुण लेखिकेची, लहानशीच. मृदुलाने ती मराठीत आणली.

गोष्ट अशी : चाळिशीतली एक बाई डबे भरायच्या कारखान्यात काम करते आणि घरी अंथरुणाला खिळलेल्या आईचं सगळं करते. वर्षानुवर्षं. कुणी येत नाही, कुणी जात नाही. एका हिवाळ्यात ती आईच्या खोलीची खिडकी सताड उघडते, पांघरूण काढून घडी घालून कपाटात ठेवते, आणि शेजारच्या खोलीत बसून संत्रं सोलते. आई जाते. डॉक्टर सर्टिफिकेट देतो. पुढची अर्धी कादंबरी ती बाई कामावर जाते, येते, जेवते. पोलीस येत नाहीत, भूत येत नाही, पश्चात्ताप येत नाही. शेवटचं वाक्य आहे : ‘त्या रात्री तिला गाढ झोप लागली.’

प्रकाशक सज्जन गृहस्थ. हस्तलिखित वाचून ते घरी आले, चहा घेतला, मग म्हणाले, “मृदुलाताई, भाषा उत्तम. फक्त शेवटी एक ‘पण’ टाकता येईल का? ‘पण पहाटे तिला दचकून जाग आली’, असं काहीतरी. वाचकाला तेवढा आधार हवा हो.”

“अहो, ती झोपली,” मृदुला म्हणाली. “मी तिला कशी उठवू?”

‘पण’ न टाकताच पुस्तक छापलं गेलं.

अनुवादाची पुस्तकं एरवी निमूट येतात आणि निमूट जातात. हे गेलं नाही. पुस्तकात मृदुलाचा नंबर दिला होता, ही प्रकाशकांची चूक की हुशारी मला ठाऊक नाही. सदाशिव पेठेतल्या एका निवृत्त गृहस्थांनी फोन करून सांगितलं, “आपलं पुस्तक रद्दीत घातलं. रद्दीवाल्याने पानं चाळली, म्हणून त्याचीही माफी मागितली.” मृदुलाला हा फोन आवडला होता, ती तो हसून सांगायची. बाकीचे हसण्यासारखे नव्हते. एका बाईंनी पुस्तक कुरियरने परत पाठवलं, खिडकीची पानं फाडून. ती पानं सोबत नव्हती. ती त्यांनी ठेवून घेतली की जाळली, यावर आम्ही दोघी बराच वेळ बोललो होतो. एका परीक्षणात ‘विकृत’ हा शब्द तीन परिच्छेदांत पुनःपुन्हा आला. बहुतेकांचं म्हणणं एकच : जपानी माणसं अशी असतील, आपल्याकडे असं होत नाही, मग हे मराठीत आणायचं कशाला? आणि एक फोन लोणी काळभोरहून आला. माणूस आधी काही बोलेचना. मग म्हणाला, “ताई, पोरीनं कॉलेजातनं आणलं पुस्तक. माझा बाप हाय असाच, पडून. ती बाई शेवटाला पकडली जाती का? तेवढंच सांगा, मला पुढं वाचवंना.” मृदुलाने सांगितलं, नाही जात. मग तो “बरं” म्हणाला आणि फोन ठेवला. त्या ‘बरं’चा अर्थ काय, हे तिला शेवटपर्यंत लागलं नाही. माझ्याशी बोलताना ती मधेच म्हणायची, “त्या माणसाचं काय झालं असेल गं?”

वारज्याच्या एका महिला वाचक मंडळाने तिला बोलावलं, तेव्हा मी सोबत होते. सोसायटीच्या हॉलमध्ये वीसेक बायका, पुढ्यात खमंग ढोकळा, आणि चेहरे मात्र खटला चालवायला बसल्यासारखे. एकीने विचारलं, “तुम्हाला आई आहे ना?” मृदुला म्हणाली, “आहे. घरी आहे, अंथरुणावर.” त्यावर कुणी तिच्याकडे बघेना. मग दाराजवळ बसलेली एक सावळी, शिडशिडीत बाई उभी राहिली. ती कल्पना. यवतमाळकडची, नवऱ्याच्या कंपनीतल्या नोकरीमुळे इकडे आलेली. घरी सासू पडून. ती म्हणाली, “मॅडम, मला एक विचारायचं होतं. पुस्तकात त्या बाईला एकदा तरी कोणी म्हणते का, की तू जेवली का म्हणून? मी दोनदा वाचलं, मला भेटलं नाही.”

मृदुलाने विचार करून सांगितलं, “नाही. मूळ पुस्तकातही नाही.”

“वाटलंच,” कल्पना म्हणाली आणि खाली बसली.

त्यानंतर सासूचा डोळा लागला, की कधी कधी दुपारची ती कोथरूडला यायची, पुस्तकं न्यायची, काकूंचे पाय चोळून द्यायची. तिच्या सासूबाई पुढे गेल्या, सगळं औषधपाणी होऊन, कल्पनाच्या मांडीवर. हे मी मुद्दाम लिहिते आहे, कारण अशा पुस्तकाने बायका बिघडतील अशी काळजी पुष्कळांनी बोलून दाखवली होती.

पुस्तक आलं त्याच वर्षी हिवाळ्यात काकू गेल्या. न्यूमोनिया झाला, हॉस्पिटलात ठेवलं, आठवडाभर झुंजल्या. सुहास आला, विमानतळावरून थेट हॉस्पिटलात. दिवस झाले. तेराव्याला नातेवाईक जमले, पंगत बसली. मी वाढत होते. मृदुला भावाच्या पानात भात घालायला वाकली, तेव्हा तो पानाकडेच बघत, हळू आवाजात म्हणाला, “मृदुल, आईच्या खोलीची खिडकी उघडी असायची का गं?”

हळू म्हणाला, पण शेजारच्यांनी ऐकलं. त्यांनाही तेच विचारायचं असावं. चुलतभावाने त्या पुस्तकातल्या दोन पानांचे फोटो काढून कुटुंबाच्या ग्रुपवर टाकले होते, हे आम्हाला मागाहून कळलं.

“नाही” म्हटलं असतं तर विषय तिथेच संपला असता. मृदुला म्हणाली, “हो. रोज दुपारी थोडा वेळ उघडायचे. समोरच्या टाकीवर घारी बसतात, त्या तिला बघायच्या असायच्या.” मग तिने पानात भात घातला, वरण घातलं, आणि पुढच्या पानाकडे गेली. त्या पंगतीत कुणी पोटभर जेवलं नाही.

प्रकाशकांकडून दुसरी कादंबरी आली होती, ती तिने परत केली. जपानी वाचायचीसुद्धा सोडली. भावाशी बोलणं औषधांपुरतं, कागदपत्रांपुरतं उरलं. मी म्हणायची, त्याला एकदा नीट सांग. ती म्हणायची, “त्याने विचारलं, मी खरं ते सांगितलं. आणखी काय नीट?” पुढे पोटात दुखायला लागलं. आधी अॅसिडिटी म्हणून गोळ्या झाल्या. निदान झालं तेव्हा डॉक्टरांनीच नजर चुकवली.

हॉस्पिटलातल्या एका दुपारी ती बरी होती. कल्पना खाली औषधं आणायला गेली होती. मृदुला अचानक म्हणाली, “ती कादंबरी मी आईला वाचून दाखवली होती, माहितीये? सगळी. रोज दोन-चार पानं.”

“खिडकीचं प्रकरण पण?” मी विचारलं.

“ते वगळून जाणार होते. आईने ओळखलं. म्हणाली, मधलं पान कुठे गेलं? मग वाचलं. मी ‘थंड हवा आत आली’ असं लिहिलं होतं. आई डोळे मिटून पडली होती. मला वाटलं झोपली. मग म्हणाली, ‘थंड नको. गार लिही. थंड हवा सुखाची असते. माणूस गार पडतं.’” मृदुला हसली, मग तिला कळ आली आणि ती थांबली... “मग म्हणाली, ‘दमली असेल बिचारी.’ नीला, हे ती माझ्याकडे बघत म्हणाली. मी रडले. तिला हात उचलता येत नव्हता, बोटं हलवली नुसती.”

“हे तू सुहासला का नाही सांगितलंस?”

“काय सांगू? आईला साक्षीला उभं करू?” छताकडे बघत ती पुढे म्हणाली, “आणि माझ्या मनात तसं कधी आलंच नाही, असंही नाही. आलं होतं. एकदा नाही, पुष्कळदा. तिचं पांघरूण सारखं करताना आलं होतं. म्हणून तर ती वाक्यं मला जमली. हे दादाला समजलं असतं?”

मला तरी तेव्हा पुरतं समजलं होतं का, कोण जाणे.

ती गेल्यावर सुहास आला. फ्लॅट आवरायचा होता, त्याने मला आणि कल्पनाला मदतीला बोलावलं. कपडे वेगळे केले, भांडी वाटली. तो काकूंच्या खोलीच्या दारात थांबून म्हणाला, “नीलाताई, ते पुस्तक मी वाचलेलंच नाही हो. दोन पानं वाचली होती, फोनवर.” मी त्याला सगळं सांगितलं. वाचून दाखवल्याचं, ‘गार’चं, ‘दमली असेल बिचारी’चं. मृदुलाच्या मनात काय आलं होतं तेही सांगितलं, ते गाळलं नाही. कल्पना आत स्वयंपाकघरात डबे पुसत होती, तो आवाज तेवढा येत होता.

खोली जवळजवळ रिकामी होती. हॉस्पिटलचा पलंग भाड्याचा, तो काकू गेल्यावरच परत गेला होता. कपाट गेलं होतं. राहिलं होतं ते मृदुलाचं लिहायचं टेबल आणि लाकडी खुर्ची. टेबल खिडकीपासून लांब, कोपऱ्याकडे तोंड करून होतं. लिहिणारा माणूस उजेडाकडे पाठ करून, समोर कोरी भिंत घेऊन बसेल, असं. त्यात मृदुलाला चष्म्यातही कमी दिसायचं.

“हे असं का ठेवलंय?” सुहासने विचारलं. “खिडकीशी किती छान उजेड आहे.”

“त्या कोपऱ्यात काकूंचा पलंग होता,” मी कोपरा दाखवला.

फरशीवर पलंगाच्या पायांचे चार गंजके डाग होते. त्याने ते पाहिले. मग खुर्ची ओढली, टेबलाशी बसला आणि मान वर करून त्या कोपऱ्याकडे बघत राहिला. बऱ्याच वेळाने त्याने हात टेबलावर ठेवले, लिहायला बसणारा माणूस ठेवतो तसे. टेबल न्यायला टेम्पोवाला आला, तेव्हा सुहास म्हणाला, “हे नको. हे असू दे.” अजून ते तसंच आहे, त्याच दिशेला.